भाऊचं शुद्धिपत्र

पान ४, छायाचित्राखालची ओळ
अशुद्ध : जेराल्ड बो
शुद्ध : जेराल्ड, बो

चूक म्हटली तर केवढीशी! एक स्वल्पविराम गळला होता. छापखान्यात असे ढिगानं गळतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण रिटा तुस्कानोनं लग्नाआधी सहा वर्षं वसईत चर्चच्या मराठी मासिकाची मुद्रितं तपासली होती. जोडीनं चालायचं ते काम. समोरची मुलगी हस्तलिखित मोठ्यानं वाचायची, अगदी ‘स्वल्पविराम, पूर्णविराम’ असं म्हणत, आणि रिटा छापलेल्या कागदावर पेन्सिलीनं खुणा करायची. त्या मुलीचं तोंड चालायचं, रिटाचा हात. ते काम सुटून चाळीस वर्षं होत आली. कॅनडात एटोबिकोला येऊन तिनं डे-केअरमध्ये लोकांची पोरं सांभाळली, तेही सोडलं. पण आजही ग्रोसरीचं फ्लायर दारात पडलं तर ती आधी त्यातल्या चुका बघायची आणि भाव मागून.

त्या रविवारी चर्चमधल्या मिसाहून येऊन तिनं कुकर लावला, तेवढ्यात धाकटा दीर जेराल्ड तासाभरावरच्या केंब्रिजहून आला. बूट काढायच्या आधीच त्यानं हातातलं पुस्तक पुढे केलं.

“वहिनी, बघ तरी! आमच्या रग्बी क्लबनं काढलंय. चौऱ्याहत्तरच्या टीमचं. पुढच्या महिन्यात लंच आहे, बोर्ड लावणारेत, लाकडात नावं कोरून. एकदम पर्मनंट.”

“बूट काढ आधी. कार्पेट आहे खाली.”

पुस्तक म्हणजे चोवीस पानांची गुळगुळीत चोपडी. चौथ्या पानावर तो फोटो होता. चिखलानं माखलेले तेरा पुरुष. मागच्या रांगेत जेराल्ड, बावीस वर्षांचा, केस कपाळावर. त्याचा एक हात पुढे बसलेल्या माणसाच्या खांद्यावर होता. पुढे बसलेल्या माणसाच्या नाकावर पांढरी पट्टी होती. ती पट्टी रिटानं स्वतः चिकटवली होती, चार पदरी, कारण एकपदरी टिकत नसे.

खाली छापलं होतं : मागची रांग, डावीकडून तिसरा, जेराल्ड बो. पुढची रांग, डावीकडून दुसरा, ओळख पटलेली नाही.

रिटानं ती ओळ बोट ठेवून वाचली. मग बोट तिथंच ठेवून दिराकडं बघितलं.

“ओळख पटलेली नाही?”

“ते ऑग्डेननं लिहिलंय, वहिनी. सेक्रेटरी. त्याला कागद मिळाले तसं त्यानं...”

“तुझा हात आहे त्या खांद्यावर.”

जेराल्ड म्हणाला, “कुकरची शिट्टी होतेय बघ.”

पान ९, ‘खेळाची परिभाषा’
अशुद्ध : बो – पाठमोऱ्या खेळाडूचा घोटा पकडून त्याला पाडणे. पाडणारा धनुष्यासारखा वाकतो, म्हणून हे नाव.
शुद्ध : बो – भाऊ.

आता हे धनुष्य आलं कुठून, ते सांगायला हवं.

रिटाचा नवरा विल्फ्रेड तुस्कानो एकाहत्तर साली कॅनडात आला आणि एटोबिकोतल्या लोखंडी कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात लागला. त्या कारखान्यात उत्तर इंग्लंडमधून आलेले वीसेक कामगार होते. बायकामुलं मागं ठेवून आले होते, पण रग्बी लीग बरोबर घेऊन आले होते. पंधरा जणांचा तो ‘रग्बी युनियन’ नावाचा खेळ साहेबांचा, असं ते तुच्छतेनं सांगायचे; आपला खेळ तेरा जणांचा, कामगारांचा. चेंडू घेऊन धावायचं. समोरच्यानं पाडलं की उठायचं, टाचेनं चेंडू मागं लोटायचा, पुन्हा धावायचं. सहा वेळा पडलात की चेंडू गेला. त्यांनी ‘हंबर थर्टीन’ नावाचा क्लब काढला, आणि त्यांना तेरावा गडी मिळेना.

विल्फ्रेड एका शनिवारी नुसता बघायला गेला होता. घरी येऊन म्हणाला, “अगं, हा तर हुतुतूच आहे. फक्त दम नाही धरायचा आणि चेंडू उगाच मध्ये आणलाय.”

भुईगावच्या वाळूत हुतुतू खेळलेला माणूस तो. घोटापकड ही त्याची खासियत. चढाई करणारा वळला की हा मागून आडवा झेपावायचा आणि दोन्ही हातांनी घोटा असा धरायचा की सुटायची सोय नाही. इंग्रज पोरं कमरेला भिडायची, छातीला भिडायची. घोट्याला कोणी हात घालत नव्हतं, कारण तिथं बुटाखालचे खिळे तोंडावर बसतात. विल्फ्रेडच्या बसायचे. नाक तीनदा मोडलं, वरचे चार दात गेले. पण समोरचा सुटला नाही.

दोन वर्षांनी जेराल्डला त्यानं बोलावून घेतलं आणि टीममध्येही घातलं. जेराल्ड सगळ्यात मागं उभा राहायचा. समोरच्यांचा गडी फुटून पळाला की तो तिथून बोंबलायचा, “भाऊ! भाऊ, डावीकडं! भाऊऽऽ!” थोरल्या भावाला दुसरं काय म्हणणार? इंग्रजांच्या कानाला ते ‘बो’ वाटलं. दोन महिन्यांत सगळेच “बो! बो!” ओरडायला लागले. मग ते नुसतं नाव राहिलं नाही. कोच नव्या पोरांना सांगायचा, त्याला बो कर. अमक्यानं काल दोन बो केले. माणूस मैदानात असतानाच त्याचं क्रियापद झालं होतं, आणि त्याला ते फार आवडायचं. जेवताना सांगायचा, “आज सात बो. त्यातले पाच मी, दोन शिष्यांनी.”

रिटा मात्र त्याला भाऊही म्हणायची नाही आणि विल्फ्रेडही नाही. तिच्या आईच्या घरात नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, आणि बाप्तिस्मा झाला म्हणून जुनी रीत काही धुऊन जात नाही. “ऐकलं का”, “नायजेलचे डॅडी”, एवढ्यावर पस्तीस वर्षं निभावली. नाव घेतलं होतं ते एकदाच, लग्नाच्या वेदीसमोर, शपथेत घ्यावंच लागतं म्हणून. तेव्हाही इतकं हळू की फादरनी दोनदा म्हणायला लावलं होतं.

पान ४, पुन्हा

भात निवत गेला, कोणी वाढून घेतलं नाही.

“वहिनी, ऐक. क्लब बंद पडला त्र्याऐंशीत. दोन वर्षांपूर्वी नव्या लोकांनी सुरू केला. ऑग्डेन चांगला माणूस आहे, पण तो कॅनडात आला नव्वदमध्ये. त्यानं कुणाला पाहिलेलं नाही. त्याला एक जुना टीमचा कागद मिळाला, त्यावर होतं जेराल्ड, बो. त्यानं वाचलं जेराल्ड बो. मला शोधून फोन केला. म्हणाला, तो बो तूच ना? तुस्कानो म्हणता येईना म्हणून तुला तेव्हा बो म्हणत असतील.”

“मग तू काय म्हणालास?”

“मला आधी नीट ऐकू नाही आलं.”

“आणि ऐकू आल्यावर?”

जेराल्ड नॅपकिनची घडी घालत बसला. बावीस वर्षं त्यानं केंब्रिजला गाड्यांच्या कारखान्यात उजवीकडची दारं बसवली होती. डावीकडची दुसरा बसवायचा.

“हो म्हणालो,” तो म्हणाला. “तो इतका खूश झाला, वहिनी! म्हणाला, सर, वी हॅव बीन लुकिंग फॉर यू. मला आयुष्यात कोणी शोधलं नव्हतं गं.”

“आणि फोटो दाखवला तेव्हा? हा पुढं बसलाय तो कोण, असं विचारलंच असेल की.”

“विचारलं.”

“मग?”

“आता आठवत नाही म्हणालो.”

रिटानं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, “एखादा कोंबडा आरवलेला ऐकू आला का रे तेव्हा?”

जेराल्ड चर्चमध्ये वाचन करायचा. शिष्यानं ‘मी गुरूला ओळखत नाही’ म्हणताच आरवलेला बायबलातला कोंबडा त्याला बरोबर लागला. त्याचे डोळे भरून आले, आणि रिटाला त्याचा आणखीच राग आला, कारण रडून मोकळं व्हायची सोय या घराण्यातल्या पुरुषांना नेहमीच लवकर सापडायची.

“लंचला सांगतो,” तो म्हणाला. “सगळ्यांसमोर. माइकवर. शप्पथ, वहिनी. मला बोलायला दोन मिनिटं दिलीत. म्हणतो, मी नव्हे, माझा भाऊ. नाव घालायला लावतो.”

“पूर्ण नाव.”

“पूर्ण नाव. विल्फ्रेड तुस्कानो.”

“आता जेव,” ती म्हणाली. स्वतः जेवली नाही.

पान नाही
अशुद्ध : (रिटा गप्प राहिली)
शुद्ध :

ही चूक पुस्तकात नव्हती, पण यादी करायला बसलं की आपली आधी लिहावी लागते.

शेवटच्या दोन वर्षांत भाऊचं डोकं रिकामं होत गेलं. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार बसत राहिला की असं होऊ शकतं, खेळायचा का कधी? रिटा म्हणाली, खेळायचा. दोन हजार पाचच्या डिसेंबरात मेमरी क्लिनिकमध्ये एक तरुण डॉक्टरीण त्याच्यासमोर बसली आणि तिनं हसत विचारलं, सर, तुमचं नाव सांगाल?

त्यानं विचार केला. बोटांनी टेबलाची कड चाचपली. मग तो रिटाकडं वळला, शाळेत शेजारच्या बाकावरच्या पोराकडं बघावं तसा. नुसतं सांग, एवढंच मागत होता.

नाव तिच्या जिभेवर होतं. तीन अक्षरं. आणि जीभ हलली नाही. रीत म्हणा, सवय म्हणा, लाज म्हणा. तिनं नुसती मान हलवली, तो तसाच बघत राहिला, आणि मागून नायजेल म्हणाला, “डॅड, इट्स विल्फ्रेड.”

“हां,” भाऊ म्हणाला. पण मुलाकडं बघून नाही. रिटाकडंच बघत होता.

चौदा महिन्यांनी तो गेला. दफनाच्या दिवशी नाव घेतलं ते फादरनी.

कार्यक्रमपत्रिका, क्रमांक ५ : ‘दिग्गज जेराल्ड बो यांचे दोन शब्द’
अशुद्ध : दोन
शुद्ध : एकही नाही

लंच दोन हजार अकराच्या ऑक्टोबरात, विमानतळाजवळच्या एका बँक्वेट हॉलमध्ये झालं. नायजेलनं आईला सोडलं आणि तोही थांबला. वाटेत म्हणाला, “ममा, प्लीज, नो सीन.”

“मी कुठं काय म्हटलं?”

“यू आर वेअरिंग द गुड साडी.”

बोर्ड भिंतीवर हिरव्या कापडाखाली झाकलेला होता. चौऱ्याहत्तरच्या टीममधले तिघेच हयात होते. एकजण आला नव्हता. दुसरा त्या वेळचा फोरमन, आता ऐंशीचा, चाकांच्या खुर्चीवरून आणलेला, डोळे जवळपास गेलेले. त्याला कुणीतरी सांगितलं की बो आलाय. म्हाताऱ्यानं हात पुढे केले, “बो! माय बो!” आणि जेराल्डचा चेहरा दोन्ही हातांत धरून चाचपला. गाल, हनुवटी, मग नाक. नाकावर त्याची बोटं थांबली. वरून खाली, पुन्हा वरून खाली.

“नाक सरळ झालं की रे तुझं,” तो इंग्रजीत म्हणाला.

सगळे हसले. ऑग्डेन सगळ्यात मोठ्यानं हसला. जेराल्डही हसला. रिटाला वाटलं, आता. आता याहून चांगली वेळ मिळायची नाही. जेराल्डनं तिच्याकडं एकदा बघितलं आणि चटकन नजर म्हाताऱ्याकडं वळवली.

मग कापड ओढलं. टाळ्या. बारा नावं, सोनेरी. जेराल्डला गळ्यात मानाचा पट्टा घातला, माइक दिला. तो माइक धरून उभा राहिला. घसा खाकरला. म्हणाला, “थँक यू. आय... थँक यू.” आणि माइक परत दिला. दोन मिनिटांतली दहा सेकंदं.

रिटा उठली. नायजेलनं तिचा पदर धरला असता, पण तो केक खात होता. टेबलांमधून वाट काढत ती पुढे गेली तेव्हा ऑग्डेन आनंदानं म्हणाला, “अँड हिअर इज द फॅमिली!” आणि तिच्या तोंडाशी माइक धरला. सोडला नाही, धरून ठेवला.

रिटानं इंग्रजी वाक्यं घरी तयार केली होती. म्हणाली, “पुस्तकात चूक आहे. बो म्हणजे धनुष्य नाही. तो आमचा शब्द आहे. भाऊ. थोरला ब्रदर.”

मग कुठल्या तरी टेबलावरून एका बाईचा लांबलचक “ओऽऽ” आला, आणि टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. ऑग्डेनच्या गोऱ्या पापण्या ओल्या झाल्या. त्यानं माइक स्वतःच्या तोंडाशी नेला.

“ब्रदर!” तो म्हणाला. “ऐकलंत? इतकी वर्षं आम्ही मैदानावर एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणत होतो आणि आम्हाला माहीतही नव्हतं. जेराल्ड, हे तू आम्हाला दिलंस!”

आणि सबंध हॉल “बो! बो! बो!” करत टेबलं बडवायला लागला.

“नाही,” रिटा म्हणाली. “एक माणूस. एकाच माणसाचं... त्याचं नाव...”

इथं ती थांबली. छातीत श्वास भरून घेतला, हुतुतूत जाताना घेतात तसा. आणि म्हणाली, “विल्फ्रेड.”

स्वच्छ म्हणाली. तीनही अक्षरं. पण माइक हातभर लांब होता, आणि टेबलांचा आवाज होता. ऐकलं ते फक्त शेजारी उभ्या असलेल्या जेराल्डनं. त्यानं तिच्या तोंडून ते नाव कधी ऐकलं नव्हतं. तो इतका दचकला की गळ्यातला पट्टा त्यानं हातानं झाकून घेतला.

“वहिनी,” तो म्हणाला, “तू...”

“तू सांग ना आता. माइक तिथं आहे.”

तेवढ्यात फोटोवाला आला. तिघांना जवळ उभं राहायला म्हणाला. जेराल्ड तिच्या आणि ऑग्डेनच्या मध्ये उभा राहिला, आणि फोटोवाल्यानं सांगितल्यावर त्यानं एक हात तिच्या खांद्यावर ठेवला.

क्लबचं बातमीपत्र, हिवाळी अंक, शेवटचं पान

बोलून झालं नाही ते लिहून होईल, हा तिचा जुना विश्वास. दुसऱ्याच दिवशी तिनं क्लबला शुद्धिपत्र लिहिलं. शिकवलं होतं तसं, मोजक्या शब्दांत, फापटपसारा न करता : पान ४, ‘जेराल्ड बो’ ऐवजी ‘जेराल्ड, बो (विल्फ्रेड)’ असे वाचावे. पान ९, ‘बो’ म्हणजे भाऊ. बोर्डावरही दुरुस्ती व्हावी. खाली सही.

नायजेल म्हणाला होता, “ममा, राइट अ प्रॉपर लेटर. टेल देम द स्टोरी.”

“शुद्धिपत्रात गोष्ट सांगत नसतात,” ती म्हणाली.

जानेवारीत बातमीपत्र आलं. ऑग्डेननं मनापासून दुरुस्ती केली होती. चौकटीत, ठळक : ‘आमच्या दिग्गजाचं पूर्ण नाव जेराल्ड विल्फ्रेड बो असल्याचं त्यांच्या वहिनींनी आवर्जून कळवलं आहे. बो हा हिंदी शब्द असून त्याचा अर्थ बंधुभाव. बोर्डावर योग्य ती दुरुस्ती करण्यात आली आहे.’

ती चौकट तिनं तीनदा वाचली. व्याकरणाची चूक एकही नव्हती. स्वल्पविराम त्याला कागदावरचा डाग वाटला असणार. आणि कंसातलं नाव त्यानं प्रामाणिकपणे उचलून जिथं जागा दिसली तिथं बसवलं होतं. दहा ओळींची गोष्ट लिहिली असती तर एखादे वेळी कळलं असतं. हाताला वळण होतं, ते आडवं आलं.

शनिवारी दुपारी जेराल्डचा फोन आला. तो क्लबातूनच बोलत होता.

“वहिनी, बोर्डासमोर उभा आहे. भाऊचं नाव आलं बघ! म्हणजे, अक्षर आलं. पण आलं की नाही?”

“वाच.”

“काय?”

“काय कोरलंय ते वाच. एकेक अक्षर. टिंबासकट.”

जेराल्डनं वाचलं. “जी, ई, आर, ए, एल, डी. मग डब्ल्यू. मग पूर्णविराम. मग बी, ओ, डब्ल्यू.” वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, “बरोबर आहे ना, वहिनी? आता झालं ना? सगळेजण इतकं करतायत आपल्यासाठी. पुन्हा सांगायला गेलो तर काय तोंड दाखवू?”

मागून कुणीतरी त्याला हाक मारली. “कमिंग!” तो म्हणाला. हाक ‘बो’ अशी होती.

रिटानं फोन ठेवला. बाहेर नायजेल ड्राइव्हवे शोव्हल करत होता, फावड्याचा खरखराट येत होता. तिनं पुस्तक काढलं, चौथं पान उघडलं. ‘ओळख पटलेली नाही’ या शब्दांवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि समासात दुरुस्ती लिहिली, मराठीत, जोडाक्षरं सुटी ठेवून, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला कळावीत तशी.

मग, समोर वाचणारं कोणी नव्हतं म्हणून, तिनंच मोठ्यानं वाचून ताडून बघितलं.

“विल्फ्रेड,” ती म्हणाली. “पूर्णविराम.”